कमिट माणसाने केला तर जातो, प्लगइनने केला तर अडतो: असं का?

मार्च लागला की देवगडपासून रत्नागिरीपर्यंत आंब्याच्या पेट्या भरायला सुरुवात होते. पेटीत किती डझन, फळ कुठल्या ग्रेडचं, माल वाशीला गेला की थेट गिऱ्हाइकाकडे, हा हिशेब आता बऱ्याच ठिकाणी कंप्युटरवर असतो. तो ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिणारी मुलंमुलीही कुडाळ, कणकवली, चिपळूणला घरी बसून काम करताना दिसतात. अशाच एका टीमची कल्पना करा. हंगामाच्या तोंडावर नवी आवृत्ती द्यायची आहे. कोड तयार आहे, टेस्ट पास आहेत. रिलीज काढायची कमांड दिली जाते आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर लाल अक्षरं येतात: पुश नाकारला, म्हणजे सर्व्हरने बदल आत घेतलेच नाहीत. कोडची एक ओळही चुकलेली नाही. फक्त आदल्या आठवड्यात मुंबईच्या ऑफिसने रेपोवर, म्हणजे कोड जिथे साठवतात त्या जागेवर, एक नवा नियम लावला होता.

चेक-इनचे नियम लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर माणूस असतो. तो लॅपटॉपसमोर बसलेला असतो, सूचना वाचू शकतो, राहिलेली माहिती भरून पुन्हा प्रयत्न करू शकतो. पण रेपोत कमिट करणाऱ्यांत यंत्रंही असतात आणि नियम लावताना त्यांची आठवण कुणाला होत नाही. या प्रकारच्या बहुतेक अडचणींचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. कोडमधला प्रत्येक बदल कुणी, कधी आणि कशासाठी केला याची नोंद ठेवणारी व्यवस्था म्हणजे व्हर्जन कंट्रोल. आज बहुतेक ठिकाणी गिट असतं, लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिहायला घेतलेलं. जुन्या प्रकल्पांत सबव्हर्जन भेटतं. मायक्रोसॉफ्टच्या साधनांवर उभ्या असलेल्या कंपन्यांत टीम फाउंडेशन सर्व्हर, म्हणजे टीएफएस असतो. पुढे त्याचंच नाव अझूर डेव्हऑप्स सर्व्हर झालं. बदल या व्यवस्थेत चढवणं म्हणजे कमिट किंवा चेक-इन. गिटमध्ये कमिट आधी आपल्याच मशीनवर होतो, तो सर्व्हरवर पाठवणं म्हणजे पुश. लिहिलेल्या कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करतं ते बिल्ड टूल: जावात मेवन आणि ग्रेडल. जावास्क्रिप्टमध्ये हे काम बरेचदा एनपीएम या पॅकेज मॅनेजरमार्फत चालतं. आणि बिल्ड टूलला जास्तीचं एखादं काम शिकवतो तो प्लगइन.

चेक-इन पॉलिसी म्हणजे कमिट स्वीकारण्याआधीची अट. कमिटसोबत लिहायच्या मेसेजमध्ये तिकीट नंबर, म्हणजे त्या कामाच्या नोंदीचा क्रमांक, हवा. ओळखीच्या ईमेलशिवाय कमिट चालणार नाही. मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, थेट पुश नाही, दुसऱ्या कुणीतरी कोड बघितलाच पाहिजे. कमिटवर डिजिटल सही हवी. या अटींना माझा विरोध नाही, उलट त्या हव्यातच. पेट्यांच्या हिशेबात चूक निघाली आणि बागायतदाराच्या खात्यात कमी पैसे गेले, तर तो बदल कुणी आणि कुणाच्या सांगण्यावरून केला हे शोधता आलं पाहिजे. प्रश्न नियम असण्याचा नाही. तो लावताना कुणाचा विचार केला आणि कुणाचा राहिला, एवढाच आहे.

प्लगइन आपल्या नावावर काय काय करतो

मेवनचा रिलीज प्लगइन घेऊ, कारण या भांडणात तो सगळ्यात जास्त सापडतो. चालू आवृत्ती १.४-स्नॅपशॉट आहे असं धरा. स्नॅपशॉट म्हणजे अजून पक्की न झालेली. रिलीजच्या तयारीची कमांड दिली की प्लगइन आधी बघतो की कमिट न केलेले बदल पडून आहेत का, आणि आपण दुसऱ्या कुठल्या स्नॅपशॉटवर अवलंबून आहोत का. सगळं ठीक असेल तर पॉम या मेवनच्या प्रकल्पाची माहिती ठेवणाऱ्या फाइलमधली आवृत्ती १.४ करतो, बिल्ड आणि टेस्ट चालवतो आणि बदललेली पॉम कमिट करतो. त्या कमिटवर टॅग, म्हणजे आवृत्तीच्या नावाची खूण, लावतो. मग पॉममध्ये १.५-स्नॅपशॉट लिहितो आणि पुन्हा कमिट करतो. गिट असेल तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे हे सगळं वाटेतच सर्व्हरवर पुशही करत जातो. पुढची कमांड तो टॅग वेगळ्या फोल्डरमध्ये नव्याने उतरवून घेते, त्यातून अंतिम बिल्ड करते आणि जिथे ठेवायचं तिथे ठेवते.

कमांड देणाऱ्याला वाटतं आपण बिल्ड केला. प्रत्यक्षात त्याच्या नावावर दोन कमिट झाले, एक टॅग लागला आणि सर्व्हरचं दार अनेकदा ठोठावलं गेलं. दर वेळी तिथे नियम उभा आहे.

त्या कमिटचा मेसेज प्लगइन स्वतःच लिहितो. सुरुवातीला चौकटी कंसात स्वतःचं नाव, मेवन-रिलीज-प्लगइन, आणि पुढे इंग्रजीत 'प्रिपेअर रिलीज' आणि टॅगचं नाव. एनपीएमची आवृत्ती वाढवायची कमांड तर याहून मितभाषी आहे. ती कमिट करते, टॅग लावते आणि मेसेज म्हणून फक्त आवृत्तीचा आकडा लिहून मोकळी होते.

टीममध्ये नवी आलेली मुलगी विचारते, "दादा, मी हाताने कमिट केला तर जातो. रिलीजचाच का अडतो? परवानग्या तर माझ्याच आहेत."

"परवानगी तुझीच आहे गो, पण मेसेज तुझा नाही. तू तिकीट नंबर लिहितेस. प्लगइनला तिकीट कसलं ते ठाऊक नाही. लॉग वरपासून वाच, खालची लाल ओळ नुसती बघू नकोस."

हा सल्ला सोन्यासारखा आहे. मेवन शेवटी जी लाल ओळ दाखवतो ती त्याची स्वतःची तक्रार असते: पुश कमांड अयशस्वी. खरं कारण तिच्या बरंच वर, सर्व्हरकडून आलेल्या ओळींत असतं. ते शोधायला नियम कुठे बसलाय हे कळायला हवं.

नियम कुठे तपासला जातो

आंब्याची गाडी घरून सुटताना कुणीतरी ओरडून विचारतं, "कागद घेतलेस ना रे?" ही एक तपासणी. मग खारेपाटणच्या नाक्यावर गाडी बाजूला घेऊन कागद मागतात, ती दुसरी. पहिलीत कुणी विचारायचं विसरलं तरी गाडी निघते. दुसरी चुकवून पुढे जाता येत नाही. व्हर्जन कंट्रोलमध्येही नियम या दोनपैकी एका जागी असतो, आणि प्लगइन कसा अडेल ते त्यावर ठरतं.

गिटमध्ये लॅपटॉपवर चालणारे हुक असतात, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट. त्या रेपोच्या आतल्या हुक्स फोल्डरमध्ये राहतात आणि क्लोन करताना, म्हणजे रेपोची प्रत उतरवताना, सोबत येत नाहीत. म्हणून टीम हस्कीसारखं साधन वापरून त्या सगळ्यांच्या मशीनवर बसवते. कमिट करताना नो-व्हेरिफाय हा पर्याय दिला की त्या टाळताही येतात. त्यामुळे लॅपटॉपवरचा हुक म्हणजे आठवण करून देणारी सोय, पहारा नव्हे. ज्याला खरोखर अडवायचं आहे त्याने नियम सर्व्हरवर ठेवावा. गिटमध्ये त्यासाठी प्री-रिसीव्ह आणि अपडेट हे हुक आहेत. प्री-रिसीव्ह एका पुशसाठी एकदाच चालतो आणि त्याने नकार दिला तर तो पूर्ण पुश नाकारला जातो. अपडेट मात्र प्रत्येक ब्रँच आणि टॅगसाठी वेगळा चालतो, त्यामुळे एक गेली आणि दुसरी अडली असं होऊ शकतं. गिटहब आणि गिटलॅब या गिटचे रेपो ठेवणाऱ्या सेवांवर हेच काम प्रोटेक्टेड ब्रँचची सेटिंग करतात. गिटलॅबच्या पैसे भरून घ्यायच्या योजनांत मेसेजचा साचा ठरवून देणारे पुश नियमही मिळतात.

ओळखायची खूण सोपी आहे. गिट सर्व्हरकडून आलेल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'रिमोट' असं लावतं. कारण त्या ओळींत असेल तर नाक्यावर अडलात. नसेल तर तुमच्याच मशीनवरचा हुक बोलतोय.

सबव्हर्जनमध्ये प्री-कमिट हुक हे नाव ऐकून लॅपटॉपवरचा वाटतो, पण तो सर्व्हरवर चालतो. त्याने एररच्या वाटेने जे छापलं तेवढंच कमिट करणाऱ्याला दिसतं. साध्या आउटपुटमध्ये छापलेलं सर्व्हरवरच हरवतं. शिवाय हे हुक मुळात रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालतात, पाथसुद्धा नसतो, म्हणजे कमांड कुठे शोधायच्या तेही ठाऊक नसतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आतल्या कमांडचा पूर्ण पत्ता दिला नसेल तर हुक आपल्याच भाराने कोसळतो आणि दोष प्लगइनच्या माथी येतो.

टीएफएसची गोष्ट सगळ्यात गुंतागुंतीची, आणि 'चेक-इन पॉलिसी' हे नाव सर्वांत जास्त तिथेच ऐकू येतं. कमिटशी वर्क आयटम, म्हणजे टीएफएसमधली कामाची नोंद, जोडलेला हवा, बिल्ड पास हवा, कोड ॲनालिसिस झालेलं हवं, अशा पॉलिसी त्यात आहेतच. कुठल्या लावायच्या ते सर्व्हरवर ठरतं, तपासणी मात्र होते कमिट करणाऱ्याच्या मशीनवर. व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहायच्या साधनातल्या या पॉलिसी डॉटनेटमध्ये, म्हणजे त्यांच्याच प्लॅटफॉर्मवर, लिहिलेल्या असतात. ज्या मशीनवर त्या बसवलेल्या नाहीत, तिथे पॉलिसी पूर्ण झाली की नाही हेच ठरवता येत नाही, आणि न ठरणं म्हणजे नापास.

आता मेवनची बाजू बघा. जुन्या सेटअपमध्ये लिनक्सच्या बिल्ड मशीनवर, म्हणजे फक्त बिल्डसाठी ठेवलेल्या मशीनवर, तो टीएफएसशी बोलतो तेव्हा मध्ये जावात लिहिलेला क्लायंट असतो. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये टीमप्राइज हे उत्पादन विकत घेतलं, त्यातून आलेला हा टीम एक्सप्लोरर एव्हरीव्हेअर. त्याला डॉटनेटच्या पॉलिसी चालवता येत नाहीत. त्याच्यासाठी जावातल्या पॉलिसी वेगळ्या लावाव्या लागतात. म्हणजे कुडाळच्या मुलीच्या विंडोज लॅपटॉपवर व्हिज्युअल स्टुडिओतून जो चेक-इन विनातक्रार जातो, तोच बिल्ड मशीनवरून अडू शकतो. दोन्ही मशीन एकाच प्रकल्पाचे वेगवेगळे नियम बघत असतात. याचं उलटही खरं: कुणी जावाच्या बाजूला पॉलिसीच लावलेली नसेल, तर तिकडून काहीही आत जातं आणि मुंबईच्या ऑफिसला वाटत राहतं की पहारा आहे.

इथे मेसेजमध्ये तिकीट नंबर लिहूनही भागत नाही. वर्क आयटमची पॉलिसी मेसेज वाचत नाही, ती जोडणी शोधते. टीएफएसच्या कमांडलाइनमध्ये ओव्हरराइड हा पर्याय आहे. कारण लिहून पॉलिसी ओलांडता येते आणि ते कारण चेंजसेटसोबत, म्हणजे त्या चेक-इनच्या नोंदीसोबत, कायम नोंदलं जातं. पण गेटेड चेक-इन, म्हणजे आधी सर्व्हरवर बिल्ड होऊन मगच आत घेण्याची व्यवस्था असेल, तर ओव्हरराइड चालत नाही. तिथे बायपास लागतो आणि त्याची परवानगी वेगळी मिळवावी लागते.

अजून एक अडथळा पॉलिसी येण्याआधीच येतो. टीएफएसच्या सर्व्हर वर्कस्पेसमध्ये फाइली मशीनवर फक्त वाचण्यापुरत्या असतात. बदलायच्या आधी त्या चेक-आउट कराव्या, म्हणजे सर्व्हरकडून बदलासाठी मागून घ्याव्या लागतात. प्लगइन थेट पॉममध्ये लिहायला जातो आणि सिस्टिम त्याला परवानगी नाही म्हणून परतवते. मेवनच्या रिलीज प्लगइनमध्ये यासाठी एडिट मोड नावाची सेटिंग आहे, ती मुळात बंद असते. ती चालू केली की प्लगइन आधी फाइल चेक-आउट करतो. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे माणसं फाइलींच्या परवानग्या हाताने बदलत बसतात.

बिल्ड मशीन म्हणजे कुणाचा लॅपटॉप नव्हे

काही अडचणींत नियम आणि प्लगइन दोघंही बरोबर असतात, मशीन अपुरं असतं. नव्या बिल्ड मशीनवर गिटला नाव आणि ईमेल दिलेलं नसतं, म्हणून कमिट होण्याआधीच ते 'तुम्ही कोण ते सांगा' म्हणून थांबतं. घाईत कुणीतरी कुठलाही ईमेल टाकतो आणि मग ओळखीच्या ईमेलची अट पुश नाकारते. सहीची अट असेल तर चावी लागते. मशीनवर चावी असली तरी पासफ्रेज विचारायला समोर स्क्रीन नसते, त्यामुळे सही करणारा प्रोग्रॅम तिथेच अडकतो. हुकमध्ये नोड, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, लागत असेल आणि मशीनवर नोड वेगळ्या जागी असेल तर कमांड सापडली नाही असा निरोप येतो.

फॉरमॅटची तपासणीही त्रास देते. प्लगइन पॉम फाइल पुन्हा लिहितो तेव्हा ओळींची शेवटची खूण किंवा मोकळ्या जागा बदलू शकतात. माणसाने बदलली फक्त आवृत्ती, पण फॉरमॅट तपासणाऱ्या हुकला पूर्ण फाइलच बदललेली दिसते.

अर्धवट सुटलेलं रिलीज

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या टप्प्याची. कमिट मुळातच नाकारला गेला तर नुकसान थोडं. पण रिलीज म्हणजे पायऱ्यांची साखळी, आणि नियम ती मधेच तोडतो.

गिटमध्ये कमिट आणि पुश वेगळे आहेत. सर्व्हरने पुश नाकारला तेव्हा लॅपटॉपवरचा कमिट झालेला असतोच. पॉममध्ये १.४ लिहिलेलं राहतं. शेजारी पॉमची बॅकअप प्रत आणि रिलीज डॉट प्रॉपर्टीज नावाची फाइल पडलेली असते. त्या फाइलमध्ये कुठली पायरी पूर्ण झाली ते नोंदलेलं असतं, म्हणजे पुन्हा कमांड दिली की प्लगइन तिथून पुढे सुरू करतो. नेट तुटल्यामुळे थांबलं असेल तर ही मोठी सोय. नियमामुळे थांबलं असेल आणि तुम्ही मेसेजची सेटिंग बदलून पुन्हा चालवलं, तर मात्र घोटाळा वाढतो. जुन्या मेसेजचा कमिट तसाच आहे आणि पुढचा पुश त्यालाही सोबत घेऊन जाणार. सर्व्हर पुन्हा नाही म्हणणार, आणि वाटणार की सेटिंगचा काही उपयोग झाला नाही.

दुसरा प्रसंग याहून वाईट. पहिला कमिट गेला, टॅगही गेला आणि दुसऱ्या कमिटवर अडलं. आता सर्व्हरवर १.४ चा टॅग आहे पण अंतिम बिल्ड कुठेच नाही. कुणी रेपो बघून समजेल की १.४ निघालं. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायला जावं तर टॅग आधीच आहे म्हणून अडतं.

मग हात जातो प्लगइनच्या रोलबॅक या कमांडकडे. नावावरून वाटतं की हे सगळं पुसून पूर्वीसारखं होईल. पण रोलबॅक काही पुसत नाही. तो पॉम पूर्वीसारखी करतो आणि तो बदल नवा कमिट म्हणून चढवतो. त्याचाही मेसेज प्लगइनच लिहितो. ज्या नियमाने रिलीजचा कमिट अडवला तोच नियम रोलबॅकचाही अडवणार. प्लगइनच्या जुन्या आवृत्त्यांत तर रोलबॅक टॅग काढतही नसे, तो हाताने काढावा लागे. म्हणून पुश नियमामुळे अडला असेल तर रोलबॅक चालवू नका. सर्व्हरवर काय पोहोचलं ते आधी बघा. काहीच पोहोचलं नसेल तर लॅपटॉपवरचे कमिट आणि टॅग काढा, क्लीनची कमांड देऊन प्लगइनच्या उरलेल्या फाइली साफ करा आणि नियमाचा प्रश्न सोडवून नव्याने सुरू करा.

हा धोका मुळातच टाळायचा एक चांगला मार्ग आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. प्लगइनला सांगायचं की तू पुश करू नकोस. त्यासाठी पुश चेंजेस ही सेटिंग बंद करायची. मग दोन्ही कमिट आणि टॅग आधी मशीनवरच तयार होतात. ते नीट बघून शेवटी एकाच पुशमध्ये ब्रँच आणि टॅग दोन्ही पाठवायचे, ॲटॉमिक हा पर्याय लावून. गिटमध्ये तो २.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे. सर्व्हर एक तर सगळं घेतो नाही तर काहीच घेत नाही. अंतिम बिल्डच्या कमांडला लोकल चेक-आउटची सेटिंग दिली की ती मशीनवरच्या रेपोतूनच टॅग उचलते.

किनाऱ्यावर राहून काम करणाऱ्यांना याचं मोल जास्त आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडपर्यंत खांब पडले आणि कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात, आंब्याचा हंगाम चालू असताना, तौक्ते किनाऱ्याला घासून वर गेलं. वादळ सोडाच, साध्या पावसातही घाटाखालच्या गावात नेट मधेच जातं. पुशांची साखळी लॅपटॉपवरून चालवणं इथे जोखमीचं आहे. रिलीज बिल्ड सर्व्हरवर चालावं, आणि आपण फक्त ते सुरू करावं.

मग नियम आणि प्लगइन यांचं जमवायचं कसं

सगळ्यात सोपी दुरुस्ती मेसेजची. मेवनच्या प्लगइनमध्ये मेसेजच्या सुरुवातीचा भाग बदलता येतो. ३.० पासून रिलीजच्या आणि पुढच्या आवृत्तीच्या कमिटचा पूर्ण मेसेजही ठरवता येतो. प्रत्येक रिलीजसाठी एक तिकीट उघडायचं आणि त्याचा नंबर कमांडमध्ये द्यायचा. नियम पाळला जातो आणि नोंदही खरी राहते. एनपीएमच्या कमांडलाही स्वतःचा मेसेज देता येतो. कायमचा एकच बनावट तिकीट नंबर सेटिंगमध्ये कोरून ठेवणारेही असतात. असं करू नका. नियमाला हवा होता हेतू आणि त्याला मिळाला निव्वळ आकडा.

मेन ब्रँचवर थेट पुश बंद असेल तर मेसेज बदलून काही होत नाही. तिथे सगळ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो एखाद्या सीनियरचा टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी त्याची चावी, बिल्ड मशीनवर ठेवायचा, कारण त्याला ॲडमिनचे हक्क असतात. हे अजिबात होऊ देऊ नये. तो माणूस नोकरी सोडतो किंवा पासवर्ड बदलतो त्या दिवशी रिलीज बंद पडतं, आणि तो दिवस हंगामाच्या मधोमध येऊ शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याने न केलेले कमिट त्याच्या नावावर जमा होत राहतात. कुणाच्या बदलामुळे पैसे कमी गेले हे शोधायला नियम केला होता, आणि आता नोंदच खोटी.

यंत्राला स्वतःचं वेगळं खातं द्या. त्याला सूट द्यायचीच असेल तर नेमकी द्या: या एकाच रेपोत, या एकाच ब्रँचवर, आणि शक्य असेल तर फक्त आवृत्तीच्या फाइली बदलण्यापुरती. सर्व्हर आपल्या ताब्यात असेल तर प्री-रिसीव्ह हुकमध्ये हे लिहिता येतं: पुश करणारं खातं मशीनचं आहे आणि बदललेल्या फाइलींत पॉमशिवाय काही नाही, तर जाऊ दे. इथे मेसेजमधल्या प्लगइनच्या नावावर विसंबून सूट देऊ नका. ते नाव कुणीही स्वतःच्या मेसेजमध्ये टाइप करू शकतं. यंत्राच्या पुशमुळे पाइपलाइन, म्हणजे बिल्डच्या आपोआप चालणाऱ्या पायऱ्या, पुन्हा सुरू होऊन तिने पुन्हा पुश करायचं, असं चक्र लागत नाही ना तेही बघा. गिटहबच्या पाइपलाइनला आपोआप मिळणाऱ्या टोकनने केलेला पुश नवी पाइपलाइन सुरू करत नाही. इतर खात्यांच्या बाबतीत ती काळजी आपल्याला घ्यावी लागते.

पण सूट देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि माझा कल स्पष्टपणे या बाजूला आहे: यंत्राने कमिट करण्याची गरज आहे का? आवृत्तीचा आकडा पॉममध्ये लिहिलेला असतो म्हणून तो बदलावा लागतो, आणि बदलला म्हणून कमिट करावा लागतो. मेवन ३.५ पासून, म्हणजे २०१७ पासून, पॉममध्ये आकड्याच्या जागी रिव्हिजन नावाची मोकळी जागा ठेवून तो बिल्ड करताना बाहेरून देता येतो. अनेक मॉड्यूल असतील तर फ्लॅटन प्लगइन जोडायचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पॉममध्ये खरा आकडा उतरतो. ग्रेडल आणि पायथनमध्येही टॅगवरून आवृत्ती काढणारे प्लगइन आहेत. मग माणूस रिव्ह्यू झालेल्या कमिटवर टॅग लावतो आणि यंत्र तो टॅग वाचून बिल्ड करतं. यंत्र रेपोत काही लिहीतच नाही. मेन ब्रँचचा नियम सगळ्यांना सारखा राहतो. टॅग कुणी लावायचे तेवढं ठरवावं लागतं. जुन्या मोठ्या प्रकल्पात हा बदल एका दुपारी होत नाही हे खरं. पण नवीन काम सुरू करताना दुसरा मार्ग का घ्यावा याचं कारण मला तरी दिसत नाही.

नियम लावणाऱ्यांसाठी एक विनंती. हुक नकार देताना जो निरोप छापतो तो आपल्याला हवा तसा लिहिता येतो, मराठीतसुद्धा. 'पॉलिसी उल्लंघन' एवढंच लिहून समोरच्याला काही कळत नाही. त्याऐवजी असं छापा: 'कमिट नाकारला. मेसेजच्या सुरुवातीला तिकीट नंबर हवा. रिलीज प्लगइनचा कमिट असेल तर नंबर कमांडमध्ये द्या, आणि रोलबॅक चालवू नका.' रात्री अकराला कणकवलीत एकटी बसलेली मुलगी हे वाचून पुढे काय करायचं ते ठरवू शकेल.

नवा नियम लागला की रंगीत तालीम घ्या. मेवनच्या रिलीज प्लगइनला ड्राय रन आहे, पण या कामासाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. ड्राय रन पॉम कशा बदलतील ते दाखवतो, कमिट करत नाही, टॅग लावत नाही. नियमाशी गाठच पडत नाही, मग तो पास होणारच. खरी तालीम घ्यायची तर रेपोची एक प्रत त्याच सर्व्हरवर बनवा, तिच्यावर तेच हुक आणि ब्रँचचे तेच नियम लावा, आणि ज्या मशीनवरून, ज्या खात्याने मार्चमध्ये रिलीज काढणार आहात, त्याच मशीनवरून आणि त्याच खात्याने तिथे एक पूर्ण रिलीज फेब्रुवारीतच काढून बघा. एकदा मुद्दाम चुकीचा मेसेज देऊन ते अडवून घ्या, आणि मशीनवर व सर्व्हरवर काय उरतं ते टीममधल्या सगळ्यांना दाखवा.